मस्त गेला चाचा

चाचांचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. तो पाय लोखंडी मास्टखाली, म्हणजे उंच खांबाखाली, अडकलेला असताना तिथून निघालेला संदेश आमच्यापर्यंत वेळेत आणि अचूक पोहोचला होता. तो मी वाचला आणि चुकीचा वाचला. त्याची ही हकिगत आहे.

मी अकरा वर्षं एका जिल्हा दैनिकात गुन्हेगारीचं पान पाहिलं. खून, हाणामाऱ्या, विहिरीत सापडलेली प्रेतं. तिथला नियम असा होता की मृताच्या बातमीत विशेषण घालायचं नाही आणि आकडा दोनदा तपासायचा. दैनिक बंद पडल्यावर दुबईत आलो आणि अल कुसैसच्या औद्योगिक भागातल्या एका वर्कशॉपमध्ये मॅन्युअल आणि चाचणी अहवाल लिहायला लागलो. राहायला शारजाच्या हद्दीजवळ, चौघांत एक खोली. वर्कशॉप रेडिओची यंत्रं जोडायचं.

ज्या यंत्रामुळे हे घडलं ते उत्तरेकडच्या बर्फात जाणार होतं. तिथे माणूस राहत नाही. हवामान मोजणारा एक खांब उभा करायचा आणि त्याचे आकडे दूरवरच्या ठाण्याला कळवायचे, एवढंच काम. मोबाइल नाही. विषुववृत्तावर टांगलेले उपग्रह तिथून क्षितिजाखाली जातात. म्हणून उल्का वापरायच्या. उल्का जमिनीपासून शंभरेक किलोमीटरवर जळते आणि मागे तापलेल्या, विद्युतभारित हवेची एक रेघ सोडते. ती रेघ सेकंदाचा काही भाग टिकते, क्वचित थोडी जास्त. तेवढ्या वेळात रेडिओची लहर त्या रेघेवर आपटून शेकडो किलोमीटर पलीकडे उतरते. आमचं मुख्य यंत्र आकाशाकडे सतत एकच हाक घालत राही. पलीकडच्या यंत्राला ती ऐकू आली, म्हणजे वर काहीतरी जळतंय असं समजून ते तत्क्षणी आपली पुडकी फेकायचं. एका पुडक्यात सोळा अक्षरं. रेघ विझली की उरलेली अक्षरं पुढच्या उल्केची वाट पाहत बसायची.

मला हे सगळं चाचांनी समजावलं होतं. ते रत्नागिरीकडचे, पन्नाशी ओलांडलेले, दुबईतल्या करामा वस्तीत बायकामुलांसह राहणारे. मुलं त्यांना इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि ते मुलांना कोकणीत ओरडायचे. सोल्डरिंगला त्यांच्याइतका स्थिर हात वर्कशॉपात दुसरा नव्हता. मुख्य यंत्राला त्यांनी एक स्पीकर जोडला होता. एरवी त्यातून नुसती खरखर यायची. उल्का जळाली की एक बारीक शीळ उठायची आणि मधेच तुटायची.

"लागला बघ," चाचा म्हणायचे. "शैतान वर चढून कान लावतात, फरिश्ते काय बोलतात ते चोरून ऐकायला. त्यांना वरून हा जळता दगड मारतात. आमच्याकडं असंच सांगतात."

"मग आपण कोण, चाचा?" हे पैलवान विचारायचा. "आपण बी कानच लावून बसलोय की."

"आपण खालून लावतो. आपल्याकडं लायसन आहे."

पैलवान साताऱ्याकडचा. तालमीत वाढलेला, कान चुरगळलेले, मान आणि दंड सारख्याच जाडीचे. मास्ट उभारणं, तारा ताणणं, उंचावर चढणं ही कामं त्याची. मला तो पेपरवाले म्हणायचा. चाचांना अब्बा म्हणण्यापर्यंत त्याची मजल गेली नव्हती, पण त्यांचा डबा तो रोज न विचारता उघडायचा.

चौथे आमचे साहेब, पुण्याचे इंजिनिअर. चाचणी त्यांची होती.

जवळच्या अंतरावर उल्कांचा हा खेळ नीट जमत नाही. म्हणून मुख्य यंत्र अल कुसैसला ठेवलं आणि दुसरं देशाच्या पार पश्चिम टोकाला, वाळवंटातल्या एका खोलगट जागी. चाचा आणि पैलवान तिकडे गेले. बर्फात जसं असेल तसंच सगळं असावं, अशी ग्राहकाची अट होती. त्यामुळे दुसरं कोणतंही संपर्काचं साधन जागेवर ठेवायचं नव्हतं. सॅटेलाइट फोन पिकअपमध्ये, आणि पिकअप ड्रायव्हरसह हायवेच्या पंपावर. तो मावळतीला परतणार होता. खोलगटात मोबाइलला रेंज नव्हती.

त्याच अटीत मास्टचे नांगरही आले. मास्टच्या ताणतारा जमिनीत ज्या लोखंडी स्क्रूंना बांधतात ते बर्फासाठी बनवलेले होते. निघण्याच्या सकाळी पैलवानानं एक स्क्रू साहेबांच्या टेबलावर आपटला.

"साहेब, ह्यो बर्फाचा खिळा हाय. तिथं वाळू हाय. वाळू काय धरतीय व्हय?"

"अरे, दोन दिवसांची टेस्ट आहे. स्पेसिफिकेशन चेंज केलं तर ते रिजेक्ट करतील."

"वारं सुटलं तर?"

"खोलगट जागा आहे. यल्ला, निघा."

पैलवानानं स्क्रू उचलला. जाताना तो मला म्हणाला, "पेपरवाले, हे लिवून ठेवा." मी लिहिलं नाही. ते अहवालाच्या कक्षेत येत नव्हतं.

आणखी एक गोष्ट अहवालात आली नव्हती. यंत्रासोबतचं साठ पानी मॅन्युअल मी इंग्रजीत लिहिलं होतं. त्यात अपघातांचे सांकेतिक आकडे होते. मास्ट कोसळला तर चौऱ्याहत्तर, माणूस जखमी झाला तर एक्क्याण्णव. चाचा मॅन्युअलशिवाय यंत्र चालवू शकत, म्हणून त्यांनी ते उघडलं नाही. पैलवानाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्याला रोमन अक्षरं येत, तीही फोनवर मराठी टाइप करण्यापुरती. त्याला ते दोन आकडे मराठीत सांगायला मला एक मिनिट लागलं असतं.

फेब्रुवारी महिना होता. वर्षात उल्का सगळ्यांत कमी पडतात त्या याच सुमाराला, आणि दिवसात सगळ्यांत कमी संध्याकाळी. पहाटे पृथ्वीची आपली बाजू अवकाशातली धूळ अंगावर घेत पुढे धावत असते. सायंकाळी तीच बाजू पाठीमागे असते, तिला धूळ कमी लागते. पहिल्या सकाळी स्पीकर थांबायला तयार नव्हता. दुपारी तीननंतर दोन शिळांमध्ये अर्धा अर्धा तास जाऊ लागला.

चार वाजून तेरा मिनिटांनी पश्चिमेच्या वाऱ्याचा एक झोत त्या खोलगटात उतरला. पुढचं मला नंतर पैलवानाकडून आणि चाचांकडून कळलं. वाऱ्याकडचा स्क्रू वाळूतून उपटला गेला. चाचा त्याच स्क्रूची तार कसत होते. मास्ट बारा मीटरचा. तो आधी थरथरला, मग वळून पडला. मधला सांधा चाचांच्या मांडीवर बसला आणि पाय वाळूत दाबला गेला. हाड मोडल्याचा आवाज पैलवानानं ऐकला. तालमीत त्यानं दोनदा ऐकला होता, म्हणून त्याला ओळखता आला. उपटलेली तार त्याच्या पाठीवरून गेली. शर्ट आणि कातडी एकदमच फाटली, ते त्याला नंतर कळलं.

त्यानं मास्ट उचलायचा प्रयत्न केला. एका टोकाला उचलला की सांधा मांडीत आणखी रुतायचा आणि चाचा किंचाळायचे. तेव्हा त्यानं सोडून दिलं. कमरेचा पट्टा काढून मांडीला वरच्या बाजूनं आवळला. मग तो यंत्राकडे धावला. संदेशाचा अँटेना वेगळ्या तिपाईवर होता, तो शाबूत होता. त्यानं कीबोर्डवर टाइप केलं. यंत्राला मोठी अक्षरं, आकडे आणि मोकळी जागा एवढंच कळायचं. पूर्णविराम नव्हता, आणि पुडक्याच्या टोकाची मोकळी जागा गळून जायची.

चार सतराला अल कुसैसमध्ये शीळ आली. छापयंत्रावर एक ओळ उमटली.

MAST GELA CHACHA

मोकळ्या जागा धरून बरोबर सोळा अक्षरं. मी मोठ्यानं वाचलं, "मस्त गेला, चाचा."

तोपर्यंत दीड तास एकही संदेश नीट गेला नव्हता. चाचा सकाळपासून अँटेनाचा कोन बदलत होते. आता संदेश गेला, मस्त गेला, आणि शेवटी त्यांनी आपली सही केली, असा मी अर्थ लावला. साहेबांनी टेबलावर थाप मारली.

"मानलं! संध्याकाळी, फेब्रुवारीत! टाक, अभिनंदन टाक."

मी टाइप केलं. ABHINANDAN. ते यंत्रात जाऊन उल्केची वाट पाहत बसलं. आम्ही कडक दुधाचा करक चहा मागवला.

पुढची शीळ चार अठ्ठावन्नला आली. त्या एका रेघेवर आमचं अभिनंदन तिकडे गेलं आणि तिकडचं दुसरं पुडकं इकडे आलं. मास्ट पडल्याला पंचेचाळीस मिनिटं झाली होती.

KHALI GADI PATHV

"खाली गाडी पाठवा," मी वाचलं. शेवटचं अक्षर तुटलं होतं, ते मी मनानं जोडलं. उपसंपादक जोडतो तसं.

"रिकामी गाडी कशाला?"

"सामान आवरायला असेल. काम झालं म्हणतायत."

"अरे, टेस्ट उद्या दुपारपर्यंत आहे. यांना घरची ओढ लागली. सांग, उद्या सकाळी."

UDYA SAKALI, मी टाइप केलं.

आपण गल्फमध्ये रोज बोलतो ते हिंदी नसतं की मराठी नसतं. टॅक्सी खाली असते, खोली खाली असते, डबा खाली असतो. रोमन अक्षरांत मस्त आणि मास्ट यांत फरक नसतो. त्या खोलीत कोणी मल्याळी किंवा फिलिपिनो असता तर त्याला एक अक्षर कळलं नसतं आणि त्यानं निदान विचारलं असतं. आम्हा दोघांना सगळं कळलं, म्हणून आम्ही विचारलं नाही.

पैलवानाच्या समोरच्या छोट्या पडद्यावर तेव्हा अभिनंदन उमटलं होतं. नवं काही टाइप केलं तरी ते आधीची अक्षरं गेल्यावरच जाणार होतं. तो कीबोर्ड आणि चाचा यांच्यामध्ये धावत होता. अंतर वीस पावलांचं. पट्टा किती वेळ आवळून ठेवायचा हे त्याला माहीत नव्हतं. तो मधेच सैल करायचा, रक्त यायचं, पुन्हा आवळायचा. चाचा शुद्धीवर होते. त्यांनी त्याला विचारलं, काय उत्तर आलं. तो म्हणाला, निघालेत.

पाच एकतीसला तिसरं पुडकं आलं.

A LAVKAR

पाठवा लवकर. तुटलेलं अक्षर जागेवर बसलं आणि पुढे एक नवा शब्द आला. रिकाम्या गाडीची घाई कोणाला असते? मी तो शब्द बाजूला ठेवून आकड्यांकडे वळलो. यंत्र दर अर्ध्या तासाची वाऱ्याची नोंद आपणहून पाठवायचं, आणि अहवालात ती मलाच भरायची होती. चार वाजता वारा जोरदार. साडेचारला शून्य. हा आकडा मागच्या शिळेबरोबरच आला होता आणि मी तो पाहिलाही होता. आता पाचला शून्य, साडेपाचला शून्य. दिशा तिन्ही वेळा तीच, अंशाचाही फरक नाही.

"साहेब, तिकडे वारा थांबलाय."

"बरं झालं की."

मागे वर्कशॉपचं शटर वाऱ्यानं दणदणत होतं. दोन ठिकाणी वारा वेगळा असू शकतो. पण वारा मोजणारं यंत्र मास्टच्या टोकाला होतं. मी तीन कागद एकाखाली एक ठेवले आणि मधले विराम काढून सलग वाचले. मग पुन्हा वाचले. मास्ट गेला. चाचा खाली. गाडी पाठवा लवकर.

तेव्हा पाच पन्नास झाले होते.

साहेबांनी ड्रायव्हरला फोन लावला. तो पंपावर चहा पीत होता. सहा पंचवीसला तो पोहोचला आणि पिकअपच्या जॅकवर त्यांनी मास्ट उचलला. ॲम्ब्युलन्स त्यानंतर तासाभरानं आली. दुसऱ्या दिवशी अबुधाबीतल्या एका हॉस्पिटलात चाचांचा पाय कापला. पायाचा रक्तपुरवठा तुटून फार वेळ झाला होता, असं सर्जननं त्यांच्या पत्नीला सांगितलं. तिनं विचारलं, किती वेळ चाललं असतं? त्यानं नक्की आकडा दिला नाही. एक तास आधी आणलं असतं तर मी प्रयत्न केला असता, एवढंच तो म्हणाला. चार सतरा ते पाच पन्नास म्हणजे त्र्याण्णव मिनिटं होतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी पैलवान वर्कशॉपात आला. पाठीला टाके, अंगात हॉस्पिटलातला कोणाचा तरी ढगळ शर्ट. साहेब आणि मी टेबलाशी उभे होतो.

"मेसेज कुणी वाचला?"

साहेब माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "मी."

"अभिनंदन," तो म्हणाला आणि त्यानं मारलं.

पहिला फटका उघड्या पंज्याचा, डाव्या कानावर. कानात काहीतरी फुटलं आणि त्या बाजूचं वर्कशॉप बंद झालं. दुसरा मुठीचा, तोंडावर. मी लेथच्या पायाशी पडलो. त्यानं मला कॉलर धरून उचललं, टेबलावरच्या फाइलमधून ते तीन कागद ओढले आणि माझ्या डोळ्यांसमोर धरले.

"वाच."

"पैलवान, सोड त्याला, पोलीस केस होईल..."

"तुम्ही गप बसा साहेब. तुमचा खिळा माझ्या ध्यानात हाय. वाच रं. मोठ्यानं."

तोंडात रक्त आणि एक सुटा दात होता. मी वाचलं. "मास्ट गेला. चाचा खाली. गाडी पाठवा. लवकर."

"येतंय की तुला. पुन्यांदा."

मी पुन्हा वाचलं. त्यानं मला भिंतीवर आपटलं. "पुन्यांदा." तिसऱ्यांदा वाचताना तो मारायचं थांबला होता. त्यानं उजव्या कानाशी तोंड आणून विचारलं, "मी चुकीचं लिवलं व्हतं का?"

"नाही."

"मग?"

त्यानं मला सोडलं आणि तो पुन्हा हॉस्पिटलच्या बसला निघून गेला.

क्लिनिकमध्ये मल्याळी नर्सनं हिंदीत विचारलं, कशानं लागलं. माणसाच्या हातानं असं सांगितलं असतं तर तिला पोलिसांना कळवावं लागलं असतं, आणि पैलवान आधी कोठडीत आणि मग विमानात गेला असता. मी म्हणालो, "मास्ट से." तिनं ते लिहून घेतलं. कानाचा पडदा फाटला होता. दोन दात गेले.

अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा साहेबांनी एक वाक्य सुचवलं. संदेश तुटक स्वरूपात मिळाल्याने विलंब झाला. मी लिहिलं ते असं: तिन्ही पुडकी अक्षराचीही चूक न होता मिळाली. वाचणाऱ्याने अर्थ चुकीचा लावला. वाचणारा म्हणजे या अहवालाचा लेखक. नांगर वाळूसाठी योग्य नसल्याचे मास्ट उभारणाऱ्या रिगरने निघण्यापूर्वी सांगितले होते.

"तू स्वतःच्या पायावर धोंडा..." साहेब म्हणाले आणि मधेच थांबले. त्यांनी कागद परत दिला. दोन दिवसांनी सही केली.

हॉस्पिटलात चाचांनी माझ्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याबद्दल विचारलं नाही. त्यांनी वेळांची नोंद मागितली. चष्मा लावून त्या तिन्ही ओळी बोट ठेवून वाचल्या.

"तीनदा आभाळ उघडलं," ते म्हणाले. "फेब्रुवारीत, दिवस कलताना, असरच्या नमाजाच्या वेळेला. माझ्या हिशेबानं एकदाही उघडायला नको होतं." मग चष्मा काढून, "पैलवानाला वाटतंय त्याला टाइप करता आलं नाही. त्याला हे कागद दाखव."

"दाखवले, चाचा."

"दाखवले का त्यानं वाचून घेतले?"

मी नोंदीचा कागद परत घेतला. ते म्हणाले, "खलास. जा, मला झोपू दे."

वाळवंटातलं यंत्र परत आलं तेव्हा कीबोर्ड मी साफ केला. वाळू आणि वाळलेलं रक्त बटणांच्या फटीत बसलं होतं. सगळ्यांत काळं A हे बटण होतं. मराठी रोमनमध्ये लिहिताना तेच सगळ्यांत जास्त लागतं.

मग मी एक पानी मराठी पत्रक केलं. त्यात दोन आकडे आणि चार नियम होते. मास्ट हा शब्द लिहू नये, खांब लिहावे. प्रत्येक संदेश परत वाचून विचारावा, उत्तर येईपर्यंत वाचणाऱ्याने जागा सोडू नये. पत्रकावर साहेबांची सही होती. पैलवानानं ते घडी करून खिशात ठेवलं. माझ्याशी तो बोलत नव्हता.

दुसरी चाचणी एप्रिलमध्ये झाली. नांगरांच्या जागी काँक्रीटचे ठोकळे, पिकअप जागेवर उभी, फोन सीटवर. ग्राहकानं अट सोडली होती. पैलवान एका नव्या माणसाबरोबर पश्चिमेला गेला. अल कुसैसच्या टेबलाशी कुबड्या भिंतीला लावून चाचा बसले. रिकामी विजार मांडीखाली दुमडून पिन केलेली. मी त्यांच्या डाव्या हाताला बसलो, म्हणजे माझा चांगला कान त्यांच्याकडे येईल.

पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी ओळ आली.

MAST UBHA

चाचांनी कागद फाडून माझ्यापुढे सरकवला. "वाच."

"मास्ट उभा," मी म्हणालो. "किंवा मस्त उभा."

"पत्रकात काय लिहिलंयस?"

"खांब."

"मग यानं मास्ट का लिहिलं?"

"मुद्दाम," मी म्हणालो.

चाचा हसले नाहीत. त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि टाइप केलं. KAY UBHA. साहेब दारात येऊन म्हणाले, चाचा, चहा आलाय, कळलं की आता, उभा आहे. चाचांनी हात वर करून त्यांना थांबवलं. उत्तर येईपर्यंत जागा सोडायची नव्हती. स्पीकरमध्ये खरखर चालू होती. पहाटेची वेळ, दोन शिळा आल्या आणि दोन्ही शब्द न आणताच तुटल्या. तिसरी लांब होती. छापयंत्र दोनदा हललं.

KHAMB UBHA
KHALI KUNI NAHI

चाचांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. मी वाचलं. त्यांनी मला ती पुन्हा वाचायला लावली, मग वहीत वेळ टाकली आणि कुबड्या मागितल्या.